वहिनींचा चिमटा

भात्याला त्याची बायको मारते, हे कारखान्यात सगळ्यांना एका सोमवारी सकाळी कळलं.

भाता म्हणजे काच फुंकणारा. त्या कारखान्यात प्रयोगशाळांची भांडी बनत. चंबू, नळ्या, नळीच्या पोटात नळी आणि तिच्याभोवती काचेचंच वेटोळं. ज्योतीसमोर काच फिरवत राहायची, ती मऊ झाली की तोंडातल्या रबरी नळीतून फुंकर घालायची, आणि हवी तिथे हवी तेवढीच फुगवायची. हे काम करणारे चौघे होते. पण भाता हे नाव एकालाच चिकटलं, कारण त्याची छाती पिंपाएवढी होती. हा आत यायला लागला की आधी दार बाजूला सरतं, असं फोरमन म्हणत. स्वभाव मात्र असा, की कामाच्या टेबलावर माशी बसली तर तिचं आटपेपर्यंत हा थांबणार.

तर त्या सोमवारी हा माणूस दोन्ही डोळ्यांभोवती जांभळी कडी घेऊन आला.

"दारावर आपटलास का रे?" फोरमननी विचारलं.

"नाही."

"मग कुणी आपटलं?"

सगळे हातातलं काम थांबवून वाट बघत होते. वाट बघणाऱ्याला रिकाम्या हाती परत पाठवणं त्याला कधी जमलं नाही.

"दूध उतू गेलं," तो म्हणाला. "माझ्या हातून."

सगळा कारखाना हसून आडवा झाला. कारण भात्याची बायको सगळ्यांनी पाहिली होती. तिला सगळे वहिनी म्हणत. वहिनी भात्याच्या कोपरापर्यंत येत. त्या पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर बसायच्या, आणि खिडकीपलीकडच्या माणसाला आपण दिसावं म्हणून खुर्चीवर दोन उशा घ्यायच्या.

संध्याकाळी भात्याने घरी येऊन, बूट काढता काढता, सगळा प्रकार सांगितला. वहिनी चहा गाळत होत्या.

"म्हणजे मी तुम्हाला मारते?"

"हो. मी तसं सांगितलंय."

"आणि त्यांनी ऐकून घेतलं?"

"एकानेही शंका घेतली नाही."

वहिनी हसल्या. आधी नाकातून, मग तोंडाने, मग गाळणं बाजूला ठेवून ओट्याला टेकून. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात. भाता एक बूट हातात धरून बघत राहिला.

त्या घरात भांडण नव्हतं. तीच तर अडचण होती. मूल झालं नाही. त्याबद्दल जे बोलायचं ते कधीच बोलून झालं होतं, आणि ते बोलणं संपलं तेव्हा बाकीचंही सोबत घेऊन गेलं. उरलं ते कामापुरतं. किल्ली घेतली का. गॅस बंद आहे ना. दोघंही चांगली माणसं. समोरच्याला त्रास होऊ नये म्हणून चांगली माणसं किती गप्प बसू शकतात, ते त्या घरात बघायला मिळायचं.

मग तो विनोद त्या घरात राहायला आला. आणि त्याचे पोटच्या पोरासारखे लाड सुरू झाले.

कडी पिवळी पडली, गेली, पुन्हा आली. कधी एका डोळ्याला, कधी दोन्ही डोळ्यांना. दर वेळी नवीन गोष्ट लागायची. भाता कारखान्यात काय सांगितलं ते घरी येऊन सांगे आणि वहिनी त्यात दुरुस्त्या करत.

"लाटणं नको हो. लाटण्यात काय नवीन? छत्री सांगा."

"छत्री मोडली असती."

"मग मोडली म्हणा. नवीन घ्यायचीच आहे."

पोस्टात शेजारच्या खिडकीवर पार्सलं घेणारी वहिनींची मैत्रीण होती. तिला सगळे पार्सलताई म्हणत. भाता एकदा दुपारी वहिनींचा विसरलेला चष्मा द्यायला आला, तेव्हा पार्सलताईने मान लांब करून त्याचे डोळे बघितले.

"काय गं, आज परत?"

"तिकीट उलटं चिकटवलं त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "मग मी शिक्का मारला. तारीख नीट उमटली नाही, म्हणून दुसऱ्या बाजूला परत मारला."

रांग हसली. रांगेतले एक आजोबा पुढे आले आणि हळूच म्हणाले, "बाई, मला दोन द्या. मी सुलटी चिकटवीन."

भाता दारात उभा राहून मारकुट्या बायकोचा नवरा जसा हसेल तसा हसला. वहिनींना त्या क्षणी तो फार आवडला. असं काही वाटून बरीच वर्षं झाली होती, म्हणून त्यांनी पटकन पुढच्या माणसाला तिकीट दिलं.

कुणी खरंच काळजीने विचारलं तर त्याचंही उत्तर तयार होतं. फुंकायचं काम. दिवसभर जोर लावून फुंकायचं म्हणजे डोळ्यांखालच्या बारीक शिरा फुटणारच. हे उत्तर वहिनींनी शोधलं होतं. भात्याने त्याला हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. उत्तर इतकं सोयीचं होतं की वहिनींनी ते परत उलटून पाहिलं नाही.

बाकीही काही होतं. भात्याचं बोलणं जरा जड झालं. शब्द तोंडात वळायला वेळ लागायचा. त्यावर कारखान्यात कुणी म्हणालं, मार खाऊन बोबडी वळली. भात्याने ते घरी आणलं, वहिनी हसल्या, आणि जड बोलणंही विनोदात जमा झालं. पापण्यांवर मेणाचे थेंब वाळावेत तसे बारीक दाणे आले होते. जेवायला वेळ लागायला लागला.

"चावताय की मोजताय?" वहिनी विचारायच्या.

"चव घेतोय," भाता म्हणायचा.

पँटचा पट्टा एक भोक आत गेला. वहिनी म्हणाल्या, बरं झालं, पोट उतरलं.

फोरमन निवृत्त झाले तेव्हा कारखान्याच्या आवारात छोटा समारंभ झाला. टेबलं जोडून त्यावर चादर घातली होती. चहा होता, केक होता, आणि काचेचा एक हंस होता. तो भात्याने फोरमनसाठी केला होता. सगळ्यांच्या घरची माणसं आली होती. फोरमननी भाषण केलं. कारखान्याने मला काय दिलं वगैरे बोलून झाल्यावर त्यांनी वहिनींकडे बोट केलं.

"एक इच्छा राहिली आहे. इतके दिवस ऐकतोय, बघितलं मात्र एकदाही नाही. वहिनी, जाता जाता एकदा करून दाखवा."

टाळ्या पडल्या. कुणीतरी स्टूल आणलं. वहिनी नको नको म्हणत स्टुलावर चढल्या. स्टुलावरही त्या भात्यापेक्षा दोन बोटं कमीच होत्या, त्यामुळे आणखी हशा झाला. भाता हात जोडून उभा राहिला. वहिनींनी त्याच्या कॉलरच्या वर, मानेची कातडी चिमटीत धरली, मांजर पिल्लाला धरतं तशी, आणि जराशी हलवली.

"परत दूध सांडाल?"

"नाही सांडणार."

"परत?"

"मेलो, मेलो," भाता बारीक आवाजात ओरडला. लोक पोट धरून हसत होते. फोरमनच्या डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्याचं की निरोपाचं ते त्यांनाच माहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाता खिडकीशी बसून चहा पीत होता. शर्ट अजून घातला नव्हता. वहिनी मागून कप उचलायला गेल्या आणि थांबल्या.

मानेवर दोन डाग होते. जांभळे, जवळजवळ काळे. एक मोठा, एक लहान. वहिनींनी आपला अंगठा आणि बोट हवेत त्या डागांच्या वर धरलं. बरोबर बसलं.

त्या आत स्वयंपाकघरात गेल्या. तिथे उभं राहून त्यांनी आपल्या हाताला चिमटा काढला. जोरात, नख लागेल असा. लाल झालं. त्या बघत राहिल्या. थोड्या वेळाने लाली गेली आणि हात पहिल्यासारखा झाला. मग त्यांनी पुन्हा काढला, आणखी जोरात. पुन्हा तेच.

मानेला तर त्यांनी जेमतेम धरलं होतं.

बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघून भाता उठून उभा राहिला.

"काय झालं?"

"शर्ट घाला. दवाखान्यात जायचंय."

"अगं, चिमटा तू काढलास. आता डाग बघून तूच घाबरतेस?"

"शर्ट घाला म्हणते ना."

मोठ्या रुग्णालयात कातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांना सर्दी झाली होती. त्यांनी भात्याचे डोळे पाहिले, मान पाहिली, मग पेन खाली ठेवलं आणि वहिनींना म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

बाहेर म्हणजे पडद्याच्या पलीकडे. वहिनी तिथल्या बाकावर बसल्या. पडदा पातळ होता.

"हे बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "इथे बोललेलं बाहेर जात नाही. घरी तुम्हाला कुणी मारतं का?"

वहिनींना वाटलं, आता हा हसणार. इतक्या महिन्यांत ह्याहून चांगली संधी आली नव्हती. त्याही तोंडावर हात ठेवून वाट बघत बसल्या.

भाता हसला नाही.

"नाही हो डॉक्टरबाई. मारत नाही. हसते."

"म्हणजे?"

"आमच्या घरात खूप दिवस कुणी हसत नव्हतं. हे डोळे काळे व्हायला लागल्यापासून हसते."

डॉक्टरबाईंनी नाक पुसलं.

"काम काय करता?"

"काच फुंकतो."

"मग फुंकण्याने होत असेल असं वाटलं तुम्हाला?"

"मला नाही वाटलं. सगळ्यांना वाटलं." भात्याचा आवाज खाली गेला. "आमच्या कामात जोर नसतो. जोर लावला तर काच फाटेल. गरम काचेला एवढीशी फुंकर पुरते. तेवढ्याने मुंगीसुद्धा उडायची नाही. डोळा कसा काळा होईल?"

"मग आधी का नाही आलात?"

ह्याचं उत्तर वहिनींना ऐकू आलं नाही. भात्याने दिलंच नसेल.

डॉक्टरबाईंनी वहिनींना परत आत बोलावलं. भात्याला जीभ बाहेर काढायला सांगितली. जीभ जाड झाली होती आणि तिच्या कडांवर दातांचे ठसे उमटले होते, ओल्या मातीत बोटं रुतावीत तसे. वहिनी ती जीभ पहिल्यांदाच बघत होत्या. रोज त्याच तोंडाला त्यांनी वाढलं होतं.

मानेवरून तांदळाच्या दाण्याएवढा कातडीचा तुकडा काढून घेतला. रक्त तपासायला घेतलं. दोघं बसने घरी आली. वाटेत वहिनी काही बोलल्या नाहीत. भात्यानेही विचारलं नाही. घरी आल्यावर वहिनींनी विचारलं, किल्ली तुमच्याकडे आहे का.

पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंची सर्दी बरी झाली होती, पण चेहरा तसाच होता. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. अमायलॉइडोसिस. वहिनींनी ते मनात दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा अर्ध्यावर सुटलं.

"हाडांच्या मगजात काही पेशी असतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या एक प्रथिन बनवतात. सगळ्यांच्याच अंगात बनतं. तुमच्या अंगात त्याची घडी चुकतेय. घडी चुकलेलं प्रथिन शरीराला मोडता येत नाही आणि बाहेर टाकताही येत नाही. मग ते साचत जातं. कातडीत, जिभेत, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत. भिंती इतक्या ठिसूळ होतात की खोकला आला, डोळे चोळले, कुणी हलकं धरलं, तरी आत रक्त उतरतं. फार थोड्या लोकांना होतं हे. त्यामुळे लवकर कुणाच्या लक्षात येत नाही."

"मी काय खाल्लं त्यामुळे?" भात्याने विचारलं.

"नाही. तुम्ही काहीच केलं नाही."

"मी चिमटा काढला," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही चिमटा काढला म्हणून तुम्ही इथे आहात. मला विचाराल तर आणखी आधी काढायला हवा होता."

त्या वाक्याचा दिलासा मानायचा की टोमणा, हे वहिनींना कळलं नाही. त्यांनी त्याचे दोन्ही अर्थ पदरात घेतले.

"पण तुम्हाला कळलं कसं?" भात्याला आता वेगळंच सुचत होतं. "त्या एवढ्याशा तुकड्यातून?"

"त्याला एक लाल रंग देतात. मग सूक्ष्मदर्शकात दोन खास काचांच्या मधून बघतात. एक खाली, एक वर, आडव्या-उभ्या धरलेल्या. सगळं काळं दिसतं. फक्त ते साचलेलं तेवढं उजळतं."

भाता खुर्चीत पुढे सरकला. "एक काच फिरवली की अंधार होतो, त्या?"

"त्याच. तुम्हाला कसं माहीत?"

"आमच्याकडे आहेत की. ताण बघायला. भांडं गार होताना काचेच्या आत कुठे ताण राहिला तर वरून दिसत नाही. त्या दोन काचांमध्ये धरलं की तेवढी जागा अंधारात उजळते. मग ते भांडं आम्ही परत भट्टीत घालतो आणि सावकाश गार करतो." त्याने श्वास घेतला. एवढं एकदम बोलून त्याला धाप लागली होती. "बघायला मिळेल?"

डॉक्टरबाई त्यांना स्वतः वरच्या मजल्यावर घेऊन गेल्या. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शक होता. भाता वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"हिरवं आहे," तो म्हणाला. "कच्च्या सफरचंदासारखं. आमचं असं हिरवं नसतं, आमचं पांढरं असतं. हे जास्त छान आहे."

"काचेसारखं परत भट्टीत घालता आलं असतं तर बरं झालं असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आमच्याकडे औषधं आहेत. ती प्रथिन बनवणाऱ्या पेशींना आवरतात. जे साचलंय ते मात्र हळूहळू जातं. काही वेळा जातच नाही."

"तू बघ," भात्याने वहिनींना जागा दिली.

वहिनींना स्टूल लागलं. त्यांनी डोळा लावला. काळोखात हिरव्या ठिणग्या पसरल्या होत्या. खरोखर सुंदर होतं, आणि ते सुंदर आहे ह्याचा वहिनींना इतका राग आला की त्यांनी लगेच डोळा काढला.

राहिला होता प्रश्न हृदयाचा. प्रथिन तिथे साचलं असेल तर औषधं देणंही अवघड, असं डॉक्टरबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. हृदयाची तपासणी झाली आणि दोघं निकालासाठी बाहेर बसली. लांब व्हरांडा होता. भिंतीला निम्म्यापर्यंत हिरवा रंग, वर पांढरा. जीव टांगणीला लागला की माणूस भिंत बघत बसतो. वहिनींनी ती पुरती बघून घेतली.

"तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

भात्याने मान वळवली.

"पडदा पातळ होता तिथला. फुंकण्याने होत नाही हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"कशाने होतं ते नव्हतं माहीत."

"पण काहीतरी होतंय हे होतं ना?"

"हो."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"गप्प कुठे? रोज तर बोलत होतो." तो थोडा थांबला. "त्याआधी तू कधी हसली होतीस, आठवतंय तुला?"

वहिनींना आठवेना. आठवत नाही ह्याचा आणखी राग आला.

"म्हणून मला हसवायला तुम्ही मरायला निघालात? अहो, सर्कशीत न्यायचं होतं मला. माकडं आणायची होती घरी. मरायचं कशाला?"

"तेव्हा कुठे माहीत होतं मरण्याइतकं आहे."

"आणि माहीत असतं तर? तर आला असतात? नसतात आला. मला माहीत आहे. आणखी छत्र्या मोडल्या असत्या तुम्ही."

आवाज चढला होता. खोलीतून परिचारिका बाहेर आली. "हळू बोला जरा. आत पेशंट झोपलेत."

"तुम्ही थांबा हो," वहिनी म्हणाल्या. "आमचं भांडण चाललंय."

"खूप वर्षांनी होतंय," भात्याने परिचारिकेला समजावलं. ती दोघांकडे आळीपाळीने बघून आत गेली.

वहिनी रडायला लागल्या. रडताना त्यांना मध्येच उचक्या येत. भाता हात पुढे करून थांबला.

"मी तरी काय केलं?" त्या म्हणाल्या. "रोज समोर होता तुम्ही. मी डागांच्या गोष्टी बनवत बसले. डाग काही बघितला नाही. जीभ अडखळते तर त्यावर हसले. जेवण जात नाही तर मोजताय का म्हणाले. लोक खरंच मारतात ना, त्यांना निदान माहीत असतं कुठे लागलंय."

"असं नको बोलूस."

"बोलणार. मी हसत होते म्हणून तुम्ही गप्प, आणि तुम्ही हसवत होता म्हणून मी आंधळी. काय संसार आहे."

भात्याने पुढे केलेला हात परत मांडीवर ठेवला.

"मजा आली पण," तो म्हणाला.

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. आली होती. तेच तर कठीण होतं. तेवढे महिने मागे जाऊन पुसून टाका असं कुणी म्हणालं असतं, तरी त्यांना ते पुसता आले नसते.

"आता ऐका," त्या नाक पुसत म्हणाल्या. "ह्यापुढे लपवायचं नाही. दुखलं तर दुखलं म्हणायचं. दम लागला तर लागला म्हणायचं."

"म्हणेन. पण तूही."

"मला काय झालंय?"

"तुला वाईट वाटलं की तू गॅस बंद आहे का विचारतेस. तसं नाही करायचं. वाईट वाटलं तर वाटलं म्हणायचं."

ह्याला हे माहीत होतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

आतून बोलावणं आलं. हृदयाची भिंत थोडी जाड झाली होती. थोडी.

"उशीर झालाय का?" वहिनींनी विचारलं. हा एकच प्रश्न त्या मानेवरच्या डागांपासून घेऊन फिरत होत्या.

"झालाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण औषधं देता येतील इतका वेळ आहे. आणखी काही महिने गेले असते तर मी आत्ता दुसरंच काही बोलत असते."

वहिनींनी मान हलवली. ह्यापेक्षा गोड उत्तर त्यांना नकोच होतं. गोड उत्तरांवर त्यांचा आता विश्वास राहिला नव्हता.

औषधं सुरू झाली. दर आठवड्याला एक इंजेक्शन, सोबत गोळ्या. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी भात्याला झोप लागत नसे, आणि तिसऱ्या दिवशी तो कपडे वाळत घातल्यासारखा खुर्चीत पडून असे. फुंकणं थांबलं. रबरी नळी जाड जिभेला धरवत नव्हती. कारखान्याने त्याला ताण बघायच्या टेबलावर बसवलं. दिवसभर दोन काचांमधून भांडी बघायची, उजळलेलं भांडं बाजूला काढायचं.

विनोद मात्र संपला. कारखान्यात कुणाला काय बोलावं कळेना. माणसं भात्याच्या डोळ्यांकडे न बघता त्याच्या कानांकडे बघून बोलायला लागली. पोस्टात पार्सलताई दोन दिवस सगळ्या पार्सलांवर चुकीचं वजन लिहीत होती. मी पण हसले होते गं, एवढंच ती म्हणत राहिली. खिडकीवर कुणी विचारलं, काय हो, हल्ली शिक्का बंद का, तर वहिनी सरळ सांगत, आजारी आहेत, अंगात प्रथिन साचतं, औषध चालू आहे. माणूस गोंधळून तिकिटं मागे. वहिनी तिकिटं देत.

घरी त्या रोज सकाळी भात्याला खिडकीपाशी उभा करत आणि उजेडात बघत. मान, पापण्या, काखा, कोपराच्या घड्या. एवढं नीट त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातही बघितलं नव्हतं. तेव्हा दिवा घालवत. मानेवर कानामागे एक तीळ निघाला, तो त्यांना नवीनच होता.

"हा कधीपासून?"

"जन्मापासून असेल. मला कसा दिसणार?"

"आणि हे? हे काल नव्हतं."

"खोकला आला होता रात्री."

"उठवलं का नाही?"

"आत्ता सांगतोय ना. खोकला आला होता, आणि छातीत जरा धडधडलं, आणि मग गेलं."

असं सांगणं त्याला जमत नव्हतं. एकेक वाक्य तो खिशातून मोड काढून द्यावी तसा देई. पण देई.

काही महिन्यांनी रक्तातलं ते प्रथिन निम्म्याच्या खाली आलं. डॉक्टरबाईंनी कागदावर दोन आकडे लिहून मध्ये बाण काढला. हृदयाची भिंत तशीच होती. जाड झाली नव्हती, पातळही झाली नव्हती. डोळे अजूनही काळे होत होते. पुढच्या तपासणीपर्यंत हेच चालू ठेवायचं, असं त्या म्हणाल्या.

त्या दिवशी रुग्णालयातून परत येताना दोघं इमारतीच्या जिन्याने चढत होती. वहिनी पुढे होत्या, त्यांच्या हातात औषधांची पिशवी होती. दुसऱ्या मजल्याच्या अर्ध्यावर मागची पावलं थांबली. वहिनी वळल्या.

भाता कठड्याला धरून उभा होता. ओठ पांढरे पडले होते. तो काहीतरी म्हणायच्या बेतात होता. त्याचा चेहरा वहिनींना चांगला माहीत होता. जिन्याचा रंग निघालाय बघ, असलं काहीतरी येणार होतं.

"दमलो," भाता म्हणाला.

वहिनींनी पिशवी पायरीवर ठेवली. भाता बसला. जिना अरुंद, आणि भाता बसला म्हणजे जिना भरला. तरी वहिनी उरलेल्या जागेत त्याच्याशेजारी शिरल्या. तळहात त्याच्या पाठीवर ठेवला, सपाट, जोर न देता, डॉक्टरबाईंनी शिकवलं होतं तसा. हाताखाली ती भली मोठी छाती वर-खाली होत होती.

"पाणी आणू?"

"नको. बस."

थोड्या वेळाने वहिनी म्हणाल्या, "मला भीती वाटतेय."

भात्याने मान हलवली. त्याचा गुडघा वहिनींच्या गुडघ्याला टेकला आणि तसाच राहिला.

खालून तिसऱ्या मजल्यावरचा माणूस खांद्यावर सायकल घेऊन वर येत होता. त्यांना बघून तो थांबला. भात्याने उठायला हात टेकला.

"बसा, बसा," तो म्हणाला. "मला कुठे घाई आहे." त्याने सायकल भिंतीला लावली, आणि खालच्या पायरीवर तोही टेकला.